टिप्याला शेतावर सोडू नका, फोपसं तेवढं बंद करा

वाचकाचं पत्र:

डॉक्टर, आमच्याकडे टिप्या नावाचं साडेचार महिन्यांचं गावठी पिल्लू आहे. शेजारच्या गोडाउनमधल्या कुत्रीचं. दीड महिन्याचा असताना आणला तेव्हा पोट फुगलेलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी उलटीत शेवयांसारखे लांब पांढरे जंत पडले. मेडिकलवाल्याने लहान मुलांचं जंताचं पातळ औषध दिलं. पोट उतरलं, अंग धरलं. आता पंधरा दिवसांपासून शेपटीखाली तांदळासारखे दाणे चिकटलेले दिसतात, काही तर हलतात. ढुंगणही घासत फिरतो. म्हणजे औषध लागू पडलंच नाही का? आमचे हे दर रविवारी मटणाच्या दुकानातून त्याच्यासाठी फोपसं आणतात, ते तो कच्चंच खातो. घरात तीन आणि सहा वर्षांची मुलं आहेत, दिवसभर अंगणात त्याच्यासोबत असतात. सासूबाई म्हणतात, कुत्र्याचा केस पोटात गेला की गाठ होते, त्याला शेतावर नेऊन सोडा. दूध-गुळानेही जंत होतात म्हणतात. जाऊबाईंनी लसूण खायला घालायला सांगितलंय. मुलांना खरंच धोका आहे का? औषध वर्षातून किती वेळा द्यायचं?
— एक वाचक, फलटण तालुका

ताई,

टिप्याला शेतावर सोडू नका. सासूबाईंची भीती अगदीच निराधार नाही, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिते. पण शेतावर सोडल्याने ती भीती वाढेल, कमी होणार नाही. तुमच्या भागात मेंढरांचे वाडे शेतात बसतात. सुटं कुत्रं मेलेली मेंढी, टाकलेली आतडी, जे मिळेल ते खाणार आणि भाकरीसाठी रोज संध्याकाळी तुमच्याच दारात येणार. म्हणजे कुत्रं तेच, अंगणही तेच. फक्त त्याच्या पोटात काय गेलं, हे तुम्हाला कळणार नाही.

औषधाविषयी बोलायचं तर ते लागू पडलं होतं. उलटीत पडले ते जंत वेगळे, आता शेपटीखाली दिसताहेत ते वेगळे. आपण सगळ्यांना सरसकट ‘जंत’ म्हणतो आणि मेडिकलमध्ये ‘जंताचं औषध’ मागतो, तिथेच घोटाळा होतो. प्रत्येक जंताची कुत्र्याच्या पोटात शिरायची वाट वेगळी असते. ती वाट उघडी राहिली तर गोळी कितीही चांगली असो, महिन्याभरात पुन्हा तेच.

शेवयांसारखे दिसले ते गोल जंत, टॉक्सोकारा नावाचे. ते टिप्याला तुमच्या घरी लागलेले नाहीत, आईच्या पोटातून तो घेऊनच आला. कुत्रीच्या स्नायूंमध्ये या जंताच्या अळ्या वर्षानुवर्षं झोपून असतात. ती गाभण राहिली की साधारण सहाव्या आठवड्यानंतर त्या जाग्या होतात आणि नाळेतून पिल्लांत उतरतात, काही पुढे दुधातूनही जातात. म्हणूनच पिल्लू तीन आठवड्यांचं होतं न होतं तोच त्याच्या शीतून जंतांची अंडी पडायला लागतात. गावठी असो की हजारो रुपये मोजून आणलेलं लॅब्रेडॉर, पिल्लू जंतांसकटच आलंय असं धरून चालावं. पोट नगाऱ्यासारखं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, केस राठ, ही त्याची ठरलेली खूण. लोक कौतुकाने म्हणतात, पिल्लू बाळसेदार आहे. ते बाळसं नसतं.

मेडिकलमधल्या त्या पातळ औषधाबद्दल एवढंच की पुन्हा ते देऊ नका. मुलांच्या अशा औषधात बहुधा अल्बेंडाझोल असतं. कुत्र्यांना त्याचं प्रमाण चुकलं तर रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेवर परिणाम होऊ शकतो. कुत्र्यांसाठी पायरँटेल आणि फेनबेंडाझोल ही अधिक सुरक्षित औषधं सहज मिळतात. टिप्याला त्रास झाला नाही, चांगलं झालं.

आता तांदळाचे दाणे. हे पट्टकृमीचे तुकडे, डिपिलिडियम या जंताचे. पूर्ण जंत चांगला हातभर लांब होऊ शकतो. तो आतड्याच्या भिंतीला डोक्याने चिकटून राहतो आणि मागच्या टोकाची अंड्यांनी भरलेली कांडी एकेक करून सोडून देतो. ताजी कांडी काकडीच्या बीसारखी दिसते, हलतेही. वाळली की तांदळाचा दाणा. गुदद्वाराशी ती वळवळली की खाज सुटते, म्हणून घासणं. (घासण्याचं दुसरं आणि तितकंच नेहमीचं कारण म्हणजे गुदद्वाराजवळच्या ग्रंथी तुंबणं. दाणे गेल्यावरही घासणं थांबलं नाही तर डॉक्टरांकडून त्या पिळून घ्या.)

हा जंत कुत्र्याला येतो पिसवेतून, दुसऱ्या कुठल्या वाटेने नाही म्हटलं तरी चालेल. दाण्यातली अंडी जमिनीवर, पोत्यावर सांडतात. पिसवेची अळी ती खाते. अळीची पिसू होते, पिसू टिप्याला चावते, टिप्या खाजवता खाजवता दातांनी तिला चावून गिळतो. दोन-तीन आठवड्यांत नवे दाणे तयार. त्यामुळे टिप्याच्या अंगावर पिसवा आहेत का, हे मला विचारायचीही गरज नाही. आहेत. शेपटीच्या मुळाशी केस उलटे करून बघा, काळ्या मिरीची पूड पडल्यासारखं दिसेल. ती पूड ओल्या पांढऱ्या कापडावर टाका. तांबूस डाग उतरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे टिप्याचंच पचलेलं रक्त.

या जंतावर प्राझिक्वांटेल हे औषध लागतं. नुसत्या पायरँटेलने तो मरत नाही, त्यासाठी कुत्र्यांच्या मिश्र गोळ्या मिळतात ज्यांत दोन्ही असतात. पण पिसवा राहिल्या तर महिन्याने तुम्ही मला पुन्हा हेच पत्र लिहाल. दिसतात त्या पिसवा थोड्या, बाकी सगळा पसारा अंडी, अळ्या आणि कोष या रूपात टिप्या झोपतो त्या गोणपाटात, ओसरीच्या फरशीच्या सांध्यांत, लाकडाच्या ढिगाखाली असतो. गोणपाट जाळून टाका आणि धुता येईल अशी जुनी सतरंजी द्या, ती आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा. ओसरी रोज झाडा, सांध्यांतला कचरा बाहेर टाका. अंगावरच्या पिसवांसाठी डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे चघळायची गोळी किंवा मानेवर टाकायचे थेंब घ्या. हे किमान तीन महिने न चुकता करायचं, कारण कोषातल्या पिसवा काही आठवडे निघतच राहतात. गुरांच्या गोचिडाचं औषध पाण्यात कालवून पिल्लाला आंघोळ घालू नका. दर उन्हाळ्यात अशी विषबाधा झालेली पिल्लं दवाखान्यात येतात, लाळ गाळत, थरथरत. आणि घरात मांजर असेल तर कुत्र्याचे परमेथ्रिनवाले थेंब तिच्या आसपासही येऊ देऊ नका, मांजर त्याने मरतं.

तुम्ही न विचारलेल्या एका जंताविषयी सांगणं भाग आहे, कारण जंतांमुळे दगावणारी बरीच पिल्लं त्यानेच दगावतात आणि तो शीत सहसा डोळ्यांना दिसत नाही. अंकुशकृमी. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा, आतड्याला दातांनी धरून रक्त पिणारा. एक जंत दिवसाला साधारण 0.1 मिलिलिटर रक्त काढतो. ऐकायला काहीच नाही. पण पोटात असे 100 असले तर दिवसाला 10 मिलिलिटर झाले. दोन किलोच्या पिल्लाच्या अंगात सगळं मिळून रक्त पावणेदोनशे मिलिलिटरच्या आत असतं. हिशेब तुम्हीच करा. हिरड्या पांढुरक्या पडतात, शी डांबरासारखी काळी होते, पिल्लू खेळायचं सोडून कोपऱ्यात बसतं. आईच्या दुधातून हा जंत गेला असेल तर शीमध्ये अंडी दिसण्याआधीच पिल्लू दगावू शकतं. टिप्याचा ओठ वर करून हिरडी बघा आणि ही सवय आठवड्याला एकदा ठेवा. गुलाबी असली, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली, तर ठीक. फिकट दिसली तर हे सदर वाचत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथे नुसती गोळी पुरत नाही, कधी दुसऱ्या कुत्र्याचं रक्तही चढवावं लागतं.

या जंताच्या अळ्यांना ओली, सावलीतली माती लागते. पावसाळ्यात शी पडल्यापासून आठवडाभरात त्या मातीत तयार होतात आणि तोंडातून जशा जातात तशा पंजांच्या कातडीतूनही शिरतात. माणसाच्याही. अनवाणी पायाला लाल, नागमोडी, भयंकर खाजणारी रेघ उमटते आणि ती रोज थोडी पुढे सरकते. कोकणात, गोव्याच्या किनाऱ्यावर भटक्या कुत्र्यांच्या वाळूत बसून आलेल्या पर्यटकांना हे होतं. फलटणसारख्या कोरड्या भागात ते कमी, पण मोरीच्या पाण्याने कायम ओली राहणारी परसातली जागा असेल तर ती कोकणच समजा. मोरीचं पाणी पाइपाने लांब काढा आणि त्या जागेवर ऊन येऊ द्या. या अळ्यांना उन्हाइतका दुसरा शत्रू नाही. गोल जंतांची अंडी मात्र याच्या उलट, हट्टी. फिनेलने, ब्लीचने ती मरत नाहीत, मातीत वर्षानुवर्षं तग धरतात.

आता फोपसं. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकलं ते हे.

एकिनोकोकस नावाचा एक पट्टकृमी आहे. कुत्र्याच्या आतड्यात तो हजारोंनी असू शकतो, पण प्रत्येक जण जेमतेम दोन ते सात मिलिमीटरचा, त्यामुळे शीत काही दिसत नाही. कुत्र्याला त्याचा त्रासही नसतो, ते धडधाकट असतं, खातं-पितं, केस चमकतात. त्याची अंडी शीवाटे बाहेर पडतात आणि कुत्रं चाटून-पुसून ती अंगभर लावून घेतं. ही अंडी चरताना मेंढी-शेळीच्या पोटात गेली की तिच्या यकृतात (कलेजीत) आणि फोपशात पाण्याने भरलेले फोड धरतात. वर्षानुवर्षं वाढतात. मेंढी कापली की खाटकाला फोपशावर ते पांढरट, टरारलेले फोड दिसतात. गिऱ्हाईक तसलं फोपसं घेत नाही. मग ते जातं कुठे? दुकानासमोर बसलेल्या कुत्र्यांना, किंवा ‘आमच्या कुत्र्यासाठी काही उरलंय का’ विचारणाऱ्याच्या पिशवीत. त्या फोडातल्या पाण्यात जंताची हजारो डोकी असतात. कच्चं खाल्लं की सहा-सात आठवड्यांत कुत्रं अंडी टाकायला लागतं आणि चक्र पूर्ण होतं.

माणूस या चक्रात मेंढीच्या जागी सापडतो. कुत्र्याच्या अंगावरचं, मातीतलं, न धुतलेल्या कोथिंबिरीवरचं अंडं हाताने तोंडात गेलं की माणसाच्याही यकृतात किंवा फुप्फुसात तसाच फोड धरतो. त्याला हायडॅटिड म्हणतात. लहानपणी शिरलेला फोड तिशी-चाळिशीत पोट दुखलं म्हणून केलेल्या सोनोग्राफीत सापडतो. उपचार आहेत, पण ते लांबलचक औषधांचे किंवा शस्त्रक्रियेचे. फोड पोटात फुटला तर प्रसंग जिवावर येतो.

तर सासूबाईंचं ‘कुत्र्याचा केस पोटात गेला की गाठ होते’ हे म्हणणं उडवून लावू नका. गाठ केसाने होत नाही, हे खरं. केस जसा गिळला तसा बाहेर पडतो. पण केसाला चिकटलेल्या अंड्याने गाठ होऊ शकते, हेही तितकंच खरं. मेंढपाळांच्या मुलखात कुणीतरी पिढ्यान्पिढ्या कुत्री आणि पोटातल्या गाठी यांचा संबंध बघितला असणार आणि त्यातून ही समजूत आली असावी, असं माझं मत आहे. त्यांना हे असंच सांगा. तुमचं म्हणणं बरोबर होतं, फक्त दोष फोपशाचा आहे, हे ऐकलं की त्या टिप्याच्या बाजूने होतील. आणि एक गैरसमज आधीच दूर करते: मटण खाऊन माणसाला हायडॅटिड होत नाही. त्यासाठी मध्ये कुत्रं लागतंच.

हे थांबवता येतं, हे करून दाखवलेले देश आहेत. आइसलँडमध्ये 19 व्या शतकात हा रोग घरोघरी होता. लोकांना समजेल अशा भाषेत माहिती पोचवली गेली, कुत्र्यांना औषध आणि फोड आलेले अवयव पुरून-जाळून टाकण्याचे नियम आले, आणि रोग हटला. मेंढ्यांचाच देश असलेल्या न्यूझीलंडने 1959 मध्ये त्यासाठी कायदा केला, कुत्र्यांना मेंढीचे कच्चे अवयव घालायला बंदी केली आणि 2002 मध्ये देश हायडॅटिडमुक्त झाल्याचं तात्पुरतं जाहीर केलं. आपल्याकडे खाटकाच्या दुकानामागे काय चालतं, ते तुम्हीच बघता.

तेव्हा रविवारचं फोपसं आजपासून बंद. घरच्यांना फारच वाईट वाटत असेल तर अर्धा-पाऊण तास खळखळून उकळून द्या, फोड दिसतील तो तुकडा टाकून, म्हणजे खोल पुरून. नुसता चटका देऊन भागत नाही. टिप्या तीन महिने हे खातोय, तेव्हा तो या जंताची अंडी टाकत असू शकतो असं धरून आपण चालू. म्हणून त्याला प्राझिक्वांटेल असलेली गोळी लगेच द्यायची आणि ती दिल्यावर दोन-तीन दिवस त्याला बांधून ठेवायचं. औषध जंत मारतं, त्यातली अंडी मारत नाही. या दिवसांतली शी हातमोजे किंवा पिशवी घालून उचला आणि जाळा किंवा हातभर खोल पुरा. शेणखताच्या खड्ड्यात नको. त्यानंतर कच्चं मांस पूर्ण बंद झालंय अशी खात्री होईपर्यंत दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल. हा एवढा कमी अंतराचा हिशेब फक्त कच्चं खाणाऱ्या आणि मेंढरांमागे फिरणाऱ्या कुत्र्यांसाठी आहे.

मुलांबद्दल. हायडॅटिडच्या भीतीने आत्ताच त्यांची सोनोग्राफी करत सुटू नका. पोटदुखी, जुनाट खोकला असं काही असेल तर मुलांच्या डॉक्टरांना घरात कुत्रं आहे आणि ते कच्चं फोपसं खायचं, एवढं स्पष्ट सांगा. गोल जंताचाही धोका मुलांना असतो. त्याची अळी माणसाच्या पोटात मोठी होत नाही, वाट चुकून यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात जाते आणि डोळ्यात गेली तर नजर अधू करू शकते. तुमचं तीन वर्षांचं मूल माती खातं का, हे बघा. खात असेल तर ती सवय टिप्यापेक्षा आधी मोडायला हवी, कारण अंगणात इतर कुत्री-मांजरंही येऊन जातातच.

गोल जंताची एक गोष्ट मात्र आपल्या सोयीची आहे. ताज्या शीतलं अंडं लगेच रोग लावत नाही, त्याला मातीत पिकायला दोन-चार आठवडे लागतात. म्हणजे टिप्याची शी रोजच्या रोज उचलली तर अंगण सुरक्षित राहतं. एकिनोकोकसची अंडी मात्र पडल्या क्षणापासून पिकलेली असतात, म्हणून तिथे हात धुण्याला पर्याय नाही. टिप्याशी खेळून आलं की साबणाने हात, नखं कापलेली, त्याला तोंड चाटू द्यायचं नाही, आणि ताटात खरकटं घालायचं नाही, त्याचं भांडं वेगळं. परसातली मेथी-कोथिंबीर तीन पाण्यांतून धुवा. गोळीबद्दल एक विचाराल म्हणून सांगते: अंगणवाडीत आणि शाळेत 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या सुमारास मुलांना जंतनाशक गोळी देतात, ती द्याच, पण ती माणसांच्या जंतांसाठी आहे. कुत्र्यापासून येणाऱ्यांची हमी तिच्यात नाही.

टिप्याच्या गोळ्यांचं गणित वजनावर चालतं. बहुतेक मिश्र गोळ्या 10 किलो वजनाला एक अशा असतात, तरी पाकिटावरचं वाचा, कारण सगळ्या तशा नसतात. वजन डोळ्यांनी ठरवू नका. आधी तुम्ही एकट्या काट्यावर उभ्या राहा, मग त्याला उचलून, आणि वजाबाकी करा. पिल्लाला खरं तर दोन आठवड्यांचं असल्यापासून दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांचं होईपर्यंत औषध द्यायचं असतं, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, पुढे आयुष्यभर दर तीन महिन्यांनी. तुमचे मधले डोस राहिले, हरकत नाही. आता एक द्या, पंधरा दिवसांनी दुसरा, मग महिन्याने. दुसरा डोस लोक हमखास विसरतात आणि तोच महत्त्वाचा असतो. पहिल्या गोळीने आतड्यातले मरतात, शरीरात इतरत्र दडलेल्या अळ्या नंतर तिथे उतरतात. गोळी उपाशीपोटी द्यायची गरज नाही, भाकरीच्या तुकड्यात दाबून द्या. दुसऱ्या दिवशी शीत जंत पडले किंवा एखादी पातळ शी झाली तर घाबरू नका. काहीच पडलं नाही तरी गोळी वाया गेली असं नाही, बरेच जंत आतल्या आत पचून जातात.

लसूण मुळीच नको. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. अंकुशकृमीने आधीच रक्त कमी असलेल्या पिल्लाला ते द्यायचं म्हणजे आगीत तेल. जाऊबाईंचा हेतू चांगला आहे, त्यांना एवढं कारण पुरेल. हळद, कडुलिंब, वावडिंग यांनी अपाय झालेला मी फारसा पाहिला नाही, पण यांच्या भरवशावर कुठला जंत गेलेलाही पाहिला नाही. गुळाने किंवा दुधाने जंत ‘होत’ नाहीत, जंत अंड्यातून किंवा अळीतूनच येतात. गूळ कुत्र्याला कशाला द्यायचा, हा वेगळा प्रश्न आहे. आणि मेंढपाळाकडचं मेंढरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कुणी ‘एकाच टोचणीत आतले-बाहेरचे सगळे मरतात’ म्हणून सुचवलं तर हात जोडून नको म्हणा. मेंढ्यांच्या औषधाची तीव्रता वेगळी, कुत्र्याचा डोस वेगळा. कोली जातीच्या आणि त्या रक्ताच्या कुत्र्यांना तर ते जिवावर बेततं.

आणखी दोन-तीन जीव आहेत, त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही. शी पातळ, चिकट, घाण वासाची होत राहिली आणि गोळ्यांनी फरक पडला नाही, तर जिआर्डिया किंवा कॉक्सिडिया असू शकतो. हे जंत नाहीतच, सूक्ष्म जीव आहेत आणि त्यांचं औषध निराळं. टिप्या गोठ्यात शेणकिडे खात असेल तर तेही थांबवा. स्पायरोसर्का नावाचा जंत त्यांतून येतो आणि अन्ननलिकेत गाठी करतो, मग मोठं झाल्यावर कुत्रं गिळलेलं बाहेर काढत राहतं. डासांतून येणारा हृदयातला जंत ईशान्येत जास्त, तुमच्याकडे त्याची चिंता आत्ता नको. गोचीड मात्र रोज हाताने चाचपून काढा. त्यांचा ताप हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाताना टिप्याची त्या सकाळची ताजी शी सुपारीएवढी, झाकणाच्या स्वच्छ डबीत घेऊन जा. पाण्यात भिजलेली, मातीत लोळलेली नको. दिवसभर उन्हात ठेवलेलीही नको. सूक्ष्मदर्शकाखाली गोल जंत आणि अंकुशकृमीची अंडी सहज ओळखता येतात. पट्टकृमीची बहुतेकदा सापडत नाहीत, म्हणून ते दाणे दोन-चार वेगळ्या पुडीत न्या किंवा मोबाइलवर फोटो काढा. तिथे सोय नसली तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे. रेबीजची लस झाली नसेल, पत्रात तुम्ही काही लिहिलेलं नाही, तर त्याच फेरीत विचारा. तीन महिन्यांच्या पुढच्या पिल्लाला ती थांबवून ठेवायची नसते. पोट फार बिघडलेलं असेल तर डॉक्टर आधी जंत काढून आठवड्याने इतर लसी द्यायला सांगतील, ते त्यांच्यावर सोडा.

शेवटी गोडाउनमधली ती कुत्री. पुढच्या वर्षी ती पुन्हा व्यायली तर ती पिल्लंही टिप्यासारखीच फुगलेल्या पोटाची निघणार. गोडाउनचे मालक तयार असतील तर तिची नसबंदी करून घ्या, सर्वांत स्वस्त आणि कायमचं तेच. तोवर ती गाभण राहिलीच तर डॉक्टरांना विचारून गाभणपणाच्या 40 व्या दिवसापासून व्यायल्यानंतर 14 व्या दिवसापर्यंत फेनबेंडाझोल देता येतं, पिल्लांत उतरणाऱ्या अळ्या त्याने खूप कमी होतात. रोज औषध घालणं जमणार नसेल तर निदान पिल्लांना जेव्हा जेव्हा पाजाल तेव्हा आईलाही एक डोस द्या. पिल्लांची शी तीच चाटून साफ करते, तिला वगळून पिल्लांना औषध पाजण्यात अर्थ नाही.